उघाडी

स्मशानातल्या कारकुनानं विचारलं, व्यवसाय?
हसुराममामा म्हणाला, घरीच असायची.
त्यानं लिहिलं, गृहिणी.
मी पावतीची घडी घालून पर्समध्ये ठेवली,
भांडले नाही. बय असती तर भांडली असती.

नवशीबाई चांगो पाटील, घणसोली.
खाडीच्या आतल्या अंगाला पावणेदोन एकर खार जमीन,
तिचे चार तुकडे, चौघींना नावं:
आंबेखालची, ढोपरी, मधली,
आणि बांधाला लागून होती ती रांडकी,
कारण दर तीन-चार वर्षांनी खारं पाणी शिरून ती उजाड व्हायची.
आजोबा गेले त्या सालीही बयनं हे नाव बदललं नाही.
म्हणाली, आता दोगी सारक्या.

रांडकीत फक्त राता यायचा,
लाल, जाड, मीठ सोसणारा.
बय त्याचीच भाकरी खायची, आम्हाला कोलम.

एका भाद्रपदातल्या उधाणात बांधाला खांड पडली.
माणसं चिखलाची ढेकळं टाकत होती, पाणी ती गिळत होतं.
बय खांडीत पाठ लावून बसली,
तिच्यामागे ढेकळं ठरली, मग बांध ठरला.
पोटात सातवा महिना.
हे मी पाहिलेलं नाही. आई सांगते, तीही पोटातच होती,
तरी पाणी किती गार होतं ते शपथेवर सांगते.

मी पाहिलंय ते आवण.
खेकड्यामागे पळताना रोपं तुडवली,
आणि बयनं चिखलाच्या हातानं अशी दिली
की पाच बोटं गालावर वाळून, पापुद्रे होऊन पडली.
रात्री निवट्यांचं कालवण.
सगळ्यात मोठा माझ्या ताटात.
चुकलं म्हणायला तिच्याकडे शब्द नव्हता,
मासा होता.

मग भराव आला.
पारसिकच्या डोंगराची तांबडी माती, डंपरमागून डंपर.
बयनं ओंजळभर उचलली, हुंगली, टाकून दिली.
हिला खारी म्हाईत नाय.

साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर सात मजले उठले, मामाला सहावा.
बय गॅलरीत बसायची, खाडीकडे तोंड करून,
मध्ये तीन टॉवर होते तरी.
तिथीची पाऊणपट कर, मला म्हणायची,
भरती कदी ते कलतं.
मी कॅल्क्युलेटर काढला की हसायची.

एका आवसेला वॉचमनला सांगायला खाली गेली,
गार्‍या वर घ्या.
सेक्रेटरी म्हणाले, मावशी, पाऊस कुठाय?
रात्री बाराला पाणी गटाराच्या जाळीतून उलटं वर आलं,
सत्तावीस गाड्या, एक रिक्षा.
सकाळी ते विचारायला आले, तुम्हाला कसं कळलं?
बयनं उलट विचारलं, उघारी कोनाकरं दिलीव?
त्यांनी तक्रारवहीत लिहून घेतलं,
उघारी नाही. चौकशी करावी.

उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातली लाकडी फळी.
ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडते,
भरतीला मिटते.
तिच्यात कचरा अडकला, एखादं शेवाळ, पेंढ्याची मूठ,
की फळी मिटत नाही आणि चार घरांची वर्षभराची पेज खारी होते.
म्हणून कुणीतरी रात्री कंदील घेऊन जायचं,
गळ्याइतक्या पाण्यात हात घालून चाचपायचं.
तीस वर्षं ते कुणीतरी बय होती.
पगार नाही, नोंद नाही.
फुरसं चावलं त्या रात्रीही आधी फळी मोकळी केली,
मग आरडली.

बय गेली तेव्हा सप्तमी होती.
मी पाऊणपट केली, तोंडी.
सव्वापाचाला भरती.
ती गेली आठला. पाणी उतरत होतं.

पावती अजून पर्समध्ये आहे, घडीवर विरायला लागलीय.
मागच्या कोर्‍या बाजूला मी पेनानं लिहिलंय,
उघाडीवर असायची.